सहीच्या आदल्या दिवशी निक्को

दोन हजार नऊच्या जानेवारीत ऑफिसने मला जपानला पाठवलं तेव्हा कुणी अभिनंदन केलं नाही. एरवी जपान म्हटलं की चार जण टेबलाभोवती जमले असते, कॅमेऱ्यांचे भाव विचारले असते. त्या दिवशी सगळे आपापल्या स्क्रीनकडे बघत राहिले.

शारजातल्या हमरिया फ्री झोनमधली आमची कंपनी पंप-सेट जुळवायची. परदेशातून पंप आणायचे, त्यांना मोटर जोडायची, लोखंडी चौकटीवर पाइप आणि व्हॉल्व्ह बसवून सगळं साइटवर धाडायचं. दुबईत टॉवर वर चढत होते तोवर आम्हाला मान वर करायला फुरसत नव्हती. ऑक्टोबरात मंदी आली आणि फोन कमी झाले. डिसेंबरातल्या एका गुरुवारी माझ्या शेजारच्या टेबलावरचा ड्राफ्ट्समन एचआरमधून परत आला, त्याने आपला चहाचा मग धुतला, पुसला, पिशवीत घातला आणि "चलो भाई" एवढंच म्हणून गेला. त्याची खुर्ची दुसऱ्या दिवशी कुणीतरी मीटिंग रूममध्ये नेली.

मी तेव्हा बायको आणि सात वर्षांच्या मुलीबरोबर अजमानला राहायचो. आमच्या स्टोअरचा इन-चार्ज रत्नागिरीचा होता, दोन बिल्डिंगा सोडून राहायचा. एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा माझी, असं आमचं जाणंयेणं पाच वर्षं चाललं होतं. त्याचे वडील आणि दोन्ही काका गल्फमध्येच म्हातारे झालेले, त्यामुळे इथले चढउतार त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. मी निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याने मला घरासमोर सोडलं आणि इंजिन चालू ठेवूनच म्हणाला, "जा, फिरून ये. इन्शाल्ला तू परत येईपर्यंत आम्ही इथंच असू."

"मी असेन का ते सांग."

"तुझं काय? साहेबाला सही करायला माणूस लागतो. आमच्यासारखे पेट्या मोजणारे छप्पन मिळतील."

सही हेच माझं काम होतं. एका मोठ्या कूलिंग प्लांटसाठी आम्ही जपानमध्ये चार पंप बनवून घेतले होते. कारखान्यात उभं राहून त्यांची टेस्ट बघायची आणि सगळं ठीक असेल तर रिलीज नोटवर सही करायची. ती सही झाली की माल आमचा झाला, मग तो घेतल्यावाचून सुटका नाही.

कारखाना टोकियोच्या उत्तरेला दीड तासावर, एका सपाट, थंडगार गावात होता. तिथले मुख्य इन्स्पेक्टर साठीला टेकलेले होते, मार्चमध्ये रिटायर होणार होते. बुटके, गालावर थंडीने उठलेले लाल चट्टे, आणि छातीच्या खिशात एक छोटी इलेक्ट्रॉनिक डिक्शनरी. इंग्रजी शब्द अडला की ते बोट वर करून मला थांबवायचे, बटणं दाबायचे आणि स्क्रीन माझ्यासमोर धरायचे. टेस्ट बेडवर, म्हणजे पंप चालवून बघायच्या ओट्यावर, आम्ही दोघंच असायचो. डिसेंबरात कंत्राटी कामगारांना घरी पाठवलं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणून व्हॉल्व्हही तेच फिरवायचे, आकडेही तेच लिहायचे.

गुरुवारी आणि शुक्रवारी तीन पंप पास झाले. नुसते पास नाही; वीस वर्षांत इतके शांत चालणारे पंप मी पाहिले नव्हते. चौथा सोमवारी लावायचा होता. शुक्रवारी हात पुसता पुसता त्यांनी विचारलं, "रविवार. डोंगर, देवळं, बर्फ. तुम्हाला आवडेल?" मी हो म्हटलं.

शनिवारी दुपारी हॉटेलच्या खोलीत साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे आमचे जनरल मॅनेजर, मूळचे मुंबईचे गुजराती, शारजात तीस वर्षं काढलेले. त्यांचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशीही चढला नाही.

"क्लायंट का लेटर आ गया. प्रोजेक्ट होल्ड. रिलीज नोट मत देना."

"सर, तीन पंप पास झालेत. त्यांच्या रेकॉर्डला आहे."

"चौथा है ना? चौथे में कुछ निकालो. व्हायब्रेशन निकालो. पंप है, हिलेगा ही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"देखो," ते म्हणाले, "चौथा फेल हुआ तो पूरा ऑर्डर रुकेगा. हमको छह महिने मिल जायेंगे. इधर साठ आदमी हैं. मैं खुशी से नहीं बोल रहा हूँ."

ते खरंच खुशीने बोलत नव्हते, हेच वाईट होतं. शिव्या दिल्या असत्या, धमकावलं असतं, तर मला रागावता आलं असतं.

थोड्या वेळाने मी घरी फोन केला. मुलीने घेतला. "बाबा, इज देअर रिअल स्नो?" मी म्हटलं, आहे, खिडकीतून दिसतोय. "कॅन यू ब्रिंग सम?" मग बायको आली. "अहो, तुमचा आवाज असा का येतोय?" मी थंडीवर ढकललं. ऑफिसचं काही सांगितलं नाही. मग खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारल्या. खोली इतकी लहान होती की सहाव्या पावलाला वळावं लागायचं.

रविवारी सकाळी आठला इन्स्पेक्टर, म्हणजे त्या दिवसाचे माझे यजमान, येणार होते. पावणेआठला मी खाली उतरलो तर ते आधीच दाराबाहेर उभे, टोपीवर बर्फाचा चुरा. हातात एक टाइप केलेला कागद. नऊ वीस, पूल. नऊ चाळीस, देऊळ. बारा, जेवण. दोन वीस, धबधबा. सगळा दिवस मिनिटांत मांडला होता. त्यांची पांढरी गाडी लहानशीच होती, आत हीटरची ऊब आणि संत्र्याचा वास. मागच्या सीटवर त्यांच्या बायकोने दिलेला थर्मास आणि एक काळी चामडी बॅग.

निक्कोपर्यंतच्या रस्त्यावर ते डोंगरांची नावं सांगत होते आणि मी कंपनीने दिलेला भाड्याचा फोन दर पाच मिनिटांनी बघत होतो. साहेब पुन्हा फोन करतील असं वाटत होतं, आणि करणार नाहीत असंही वाटत होतं.

गावाच्या तोंडाशी तो लाल लाकडी पूल आहे, खाली हिरवं, फेसाळ पाणी. कठड्यावर हातभर बर्फ. यजमानांनी माझा फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे; पूल फार सुंदर आलाय आणि मी तिसरीकडेच कुठेतरी बघतोय.

मग देवळांची चढण. दोन्हीकडे देवदारासारखी सरळसोट, अवाढव्य झाडं. तीनचारशे वर्षांची, यजमान म्हणाले. वरून अधूनमधून बर्फाचा गठ्ठा सुटायचा आणि धप्प करून खाली पडायचा. दर वेळी मी दचकायचो, ते नाही. दाराशी दगडी कुंडात पाणी वाहत होतं, वर लाकडी पळ्या ठेवलेल्या. त्यांनी डाव्या हातावर पाणी घातलं, मग उजव्या. माझी पाळी आली तेव्हा मी पळीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि सवयीने तीर्थासारखं पिऊन टाकून हात डोक्यावरून फिरवला. ते घाबरून म्हणाले, "नो, नो! आउट! आउट!" चूळ भरून बाजूला टाकायची असते. बर्फाचं पाणी तोवर छातीत उतरलं होतं. मी खोकलो, ते हसले, मीही हसलो. त्या सकाळी तेवढं एकच हसू.

त्यानंतर मी त्यांचा कागद बिघडवायला सुरुवात केली. मुद्दाम नाही. पाय एका जागी ठरत नव्हते. ते एखाद्या कोरीवकामापुढे उभे राहून शब्द जुळवायचे तोवर मी पुढच्या दारात, आणि तिथे पोचलो की माझं मलाच ओशाळं व्हायचं म्हणून परत मागे. सोनं, लाल लाख, निळे-हिरवे मोर, छपराखाली दात काढून बसलेले प्राणी. बघायला किती होतं, पण डोळ्यांत काही उतरत नव्हतं. माणसं नाणी टाकत होती, दोनदा वाकत होती, दोनदा टाळ्या वाजवत होती. मीही वाकलो, टाळ्या वाजवल्या, हात जोडले. मागायचं काय ते सुचलं नाही. चौथा पंप खरोखरच बिघडलेला निघू दे, असं क्षणभर मनात आलं आणि मी घाईने डोळे उघडले.

घोड्यांच्या तबेल्यावर तीन माकडांची ती पट्टी आहे, तोंड, डोळे, कान झाकलेली. सगळे तिचेच फोटो काढत होते. यजमानांनी मला बाही धरून पुढे नेलं. तिथे दुसरी माकडं होती. एक मान खाली घालून बसलंय, आणि दुसऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवलाय. "आयुष्याची गोष्ट आहे," ते म्हणाले. "आधी लहान. मग मोठं. मग नापास." बोटाने पाठीवरचा हात दाखवून म्हणाले, "मग मित्र."

मुख्य दरवाजा पांढरा, सोन्याने मढवलेला, इतका कोरलेला की तळहाताएवढी जागा मोकळी नाही. त्याच्या खांबांपैकी एकापाशी ते थांबले. इथे आपण बरोबर वेळेवर होतो, असं घड्याळ बघून म्हणाले. मग त्यांनी मला विचारलं, "इन्स्पेक्टर म्हणून बघा. काय चूक आहे?"

मी बघितलं. खांबावरची वेलबुट्टी शेजारच्या खांबांवरच्यापेक्षा उलटी होती. खाली डोकं, वर पाय.

"उलटा बसवलाय."

"मुद्दाम," ते खूष होऊन म्हणाले. "काम पूर्ण झालं की पडझड सुरू होते, असं जुनी माणसं मानत. म्हणून एक चूक ठेवली." आणि मग, विनोद करायचा म्हणून, "मी असतो तर रिजेक्ट!"

हवेत त्यांनी शिक्का मारला. त्यांना काहीतरी कळलंय आणि ते मला टोमणा मारताहेत असं वाटून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं, नुसती पाहुण्याला हसवायची धडपड. मी "लघवीला जाऊन येतो" म्हटलं आणि निघून गेलो. स्वच्छतागृहाबाहेर उभं राहून फोन बघितला. मिस्ड कॉल नव्हता.

परत येताना एका दुकानातून मुलीसाठी छोटी घंटा घेतली. पाचशे येन म्हणजे वीस दिरहम, म्हणजे अडीचशे-पावणेतीनशे रुपये, असं मी नेहमीसारखं पुटपुटलो. दुकानातल्या बाईला वाटलं मी मंत्र म्हणतोय, ती वाकली.

जेवणाला मी शाकाहारी म्हणून त्यांनी आधीच फोन करून सांगून ठेवलं होतं. निक्कोचा खास पदार्थ, सोयाबीनच्या दुधावरची साय, गुंडाळून शिजवलेली. "ही आमच्याकडे गाईच्या दुधाची असते," मी म्हटलं. त्यांनी वहीत ते लिहून घेतलं. इतक्या चांगल्या माणसासमोर बसून मी उद्याच्या रिपोर्टातली वाक्यं जुळवत होतो. 'बेअरिंगवर व्हायब्रेशन अपेक्षेपेक्षा जास्त.' 'पुन्हा तपासणी आवश्यक.' इंग्रजीत ही वाक्यं फार सभ्य दिसतात. समोरचा वाटीत सोया सॉस ओतत होता आणि मनातल्या मनात मी त्याचं शेवटचं काम नापास करत होतो.

जेवणानंतर घाट. वर जायचा एक रस्ता, उतरायचा दुसरा, आणि दोन्हींच्या वळणांवर त्यांच्या जुन्या मुळाक्षरांतलं एकेक अक्षर लिहिलेलं. ते प्रत्येक वळणाला अक्षर मोठ्याने वाचायचे, शाळेतल्या पोरासारखे. दहाव्या वळणाला मी खिडकी खाली केली. सुईसारखा वारा आला.

वर मोठं तळं होतं, शाईसारखं काळं, आणि पलीकडे एकच पहाड, अर्धा ढगात. काठावर गाडी लावून त्यांनी थर्मासमधला चहा ओतला. बाहेर उभं राहवत नव्हतं इतका वारा. मी तरी उतरलो, काठापर्यंत गेलो, परत आलो, बसलो, दार उघडून पुन्हा उतरलो. तिसऱ्यांदा आत आलो तेव्हा त्यांनी डिक्शनरी डॅशबोर्डवर ठेवली आणि विचारलं, "काल तुमच्या ऑफिसचा फोन आला?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"शुक्रवारी तुम्ही टेस्ट बेडजवळ तीन तास उभे होतात, हलला नाहीत. आज तीन मिनिटं उभे राहत नाही."

मी थर्मासच्या झाकणातला चहा संपवला. तेवढ्यात त्यांनी मागे वळून ती काळी बॅग पुढे घेतली आणि तिच्यातून एक निळी फाइल काढली. आत रिलीज नोट होती. चारही पंपांची. चौथ्याच्या रकान्यात आकडे नव्हते, पण सहीची जागा मोकळी ठेवून बाकी सगळं टाइप केलेलं.

"आमच्या सेल्सला काल तुमच्या कंपनीचा मेल आला," ते म्हणाले. शब्द एकेक करून येत होते. "ऑर्डर थांबवता येईल का, असं विचारलेलं. सेल्स मॅनेजर घाबरला. मला म्हणाला, डोंगर दाखव, चांगलं जेवण दे, मग सही घेऊन ये. आजच. टेस्टच्या आधी." त्यांचे कान लाल झाले होते. "छत्तीस वर्षांत टेस्टच्या आधी मी सही घेतली नाही. सकाळपासून ही बॅग गाडीत आहे. मला देवळं नीट दाखवता आली नाहीत."

मग मी सांगितलं. सगळं. साहेबांचा फोन, व्हायब्रेशन, छह महिने, साठ माणसं. कंपनीच्या दृष्टीने हा गुन्हाच होता, हे बोलताना मला कळत होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये एकदाही बोट वर केलं नाही. मग डिक्शनरी उचलली, बराच वेळ बटणं दाबली आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. इंग्रजीत जे आलं होतं त्याला आपल्याकडे समदुःखी म्हणतात.

मला हसू फुटलं. त्यांनाही. काचेवर आतून वाफ धरली होती, आणि दोन प्रौढ माणसं त्या डबीएवढ्या गाडीत डोळे पुसत हसत होती.

"उद्या काय करायचं?" मी विचारलं.

"उद्या टेस्ट," ते म्हणाले. "आधी टेस्ट. मग तुम्ही."

"आणि सेल्स मॅनेजरला काय सांगाल?"

त्यांनी विचार केला. "थंडीने पेनातली शाई गोठली."

फाइल बॅगेत गेली. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला: तीन वीस. धबधब्याची वेळ तासापूर्वीच टळली होती. "चला, चला!" म्हणत त्यांनी गाडी काढली आणि आम्ही दोघं अक्षरशः पळत तिकिटाच्या खिडकीशी गेलो. लिफ्टने डोंगराच्या पोटातून खाली उतरून एका बोगद्यातून सज्ज्यावर यायचं. समोर शंभर मीटरची धार, मधलं पाणी जिवंत आणि कडेचं सगळं गोठलेलं, फिकट निळं, जाड मेणबत्त्यांसारखं. आवाज इतका की बोलणं शक्य नव्हतं, आणि ते बरंच झालं. तिथे माझं मन शांत झालं असं लिहायला मला आवडलं असतं. झालं नाही. पाण्याकडे बघत मी मोजत होतो: पगार बंद झाला तर किती दिवसांत देश सोडावा लागेल, मुलीचं शाळेचं वर्ष मार्चअखेर संपतं, घराचं भाडं एप्रिलपर्यंत दिलेलं आहे. फक्त एवढं झालं होतं की हा हिशेब मी आता एकटा करत नव्हतो. शेजारचा माणूसही बहुधा त्याचा त्याचा करत होता.

सोमवारी चौथा पंप लावला. मनात कुठेतरी अजूनही होतं की काहीतरी निघेल. काही निघालं नाही. बेअरिंगवरचं व्हायब्रेशन मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. यजमानांनी आकडे मोठ्याने वाचले, लिहिले, कागद माझ्यापुढे ठेवला आणि पाठ फिरवून एक व्हॉल्व्ह उगीचच पुसत राहिले. मी पंपाभोवती दोन चकरा मारल्या. बेअरिंगवर तळहात ठेवला. मग सही केली. शेऱ्यांच्या रकान्यात 'नाही' लिहिलं. ते वळले आणि इतका वेळ वाकून राहिले की मला कुठे बघावं कळेना.

साहेबांना मी मेलने कळवलं. उत्तर एका शब्दाचं आलं: 'नोटेड.'

परत आलो तेव्हा मुलीने आधी बर्फ मागितला, मग घंटा वाजवत घरभर फिरली. ऑफिसात साहेब माझ्याशी नेहमीसारखं बोलायचे, फक्त कमी. फेब्रुवारीत एका रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तुम्हारी सही का मैं कुछ नहीं बोलूँगा. तुमने ठीक ही किया होगा. लेकिन अब माल लेना पड़ेगा. स्टोअर से चार लोग कम कर रहा हूँ. गुरुवार को लेटर देंगे." त्यांनी यादी माझ्यापुढे सरकवली. चौथं नाव माझ्या रत्नागिरीच्या सोबत्याचं होतं. "तब तक किसीको बोलना नहीं."

त्या आठवड्यात गाडी त्याची होती. सोमवारी सकाळी त्याच्या शेजारी बसलो आणि काही बोललो नाही. मंगळवारी तो धाकट्या मुलाच्या सायकलीबद्दल बोलत होता. कुठली घ्यावी, अजमानला स्वस्त मिळेल की शारजाला. मी म्हटलं, थोडं थांब, घाई काय आहे. तो म्हणाला, पोरगं थांबतंय होय? संध्याकाळी येताना त्याने मला विचारलं, जपानहून आल्यापासून तू असा का? मी थकवा म्हटलं. बुधवारी सकाळी हमरियाच्या अलीकडे पेट्रोल पंप दिसला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "गाडी बाजूला घे."

मी सांगितलं. पत्राचं, आणि त्याच्यामागचं सहीचंही. तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होता. मागून एक ट्रेलर हॉर्न देत गेला.

"पंप चांगले होते?" त्याने विचारलं.

"होते."

"नक्की?"

"नक्की."

"मग आता माझ्याकडून काय पाहिजे तुला? तू खोटं लिहिलं असतंस तरी साहेबाने मला कधीतरी काढलंच असतं. सहा महिन्यांनी काढलं असतं. खलास." त्याने गिअर टाकला, पण गाडी हलवली नाही. "पण रविवारपासून तुला माहीत होतं. तीन दिवस माझ्या गाडीत बसून गप्प राहिलास. मी सायकलीचं विचारत होतो तुला."

"यल्ला, चल," तो स्वतःशीच म्हणाला आणि आम्ही कामावर गेलो.

त्याची मुलं शाळेतून काढून, फ्रिज आणि सोफा विकून ते मार्चअखेर गेले. जायच्या दिवशी माझ्या बायकोने त्याच्या बायकोला डबा दिला, दोघी जिन्यात रडल्या. तो माझ्याशी हात मिळवून, नीट बोलून गेला. पंप एप्रिलमध्ये जहाजाने आले. ते पेट्यांसकट यार्डात ठेवले, आणि उन्हात त्या पेट्यांवरची जपानी अक्षरं उडत चाललेली मी रोज बघायचो. जुलैत मलाही पत्र मिळालं. त्या पंपांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. यजमानांची नवीन वर्षाची कार्डं दोन वर्षं पुण्याच्या पत्त्यावर आली, मग बंद झाली.

पुण्यात वर्षभर काढून मी पुन्हा अबू धाबीला नोकरी धरली. आधी एकटा, मग सगळे. खलिफा सिटीत घर घेतलं भाड्याने. तिथून एका शुक्रवारी सकाळी मी त्याला रत्नागिरीला फोन लावला. आधीही लावायचो, ईदला, दिवाळीला, पण त्यात कधी काही बोलणं होत नसे. आता त्याचं पाइप-फिटिंगचं दुकान होतं, बरं चाललं होतं. मुलगा दहावीला. त्याने मला विचारलं तिकडे उन्हाळा कसा आहे, मी त्याला विचारलं आंबा कसा आहे. मग मी म्हटलं, "एक विचारू? तू अजून रागावलायस का?"

"कशाबद्दल? सहीबद्दल?"

"नाही. त्या तीन दिवसांबद्दल."

पलीकडे कुणीतरी पाऊण इंची एल्बो मागत होतं, ते मला ऐकू आलं.

"थोडा," तो म्हणाला. "थांब हां, गिऱ्हाईक आलंय."

मी थांबलो.